मांडीवरची मोकळी जागा

मित्रांनो, मी माती आहे. जुनी आहे. किती जुनी ते विचारू नका. मी नदीच्या तळाशी पडून होते तेव्हा तुमच्या पणजोबांच्या पणजोबांचाही पत्ता नव्हता. तुम्ही येताजाता पायाखाली तुडवता ती माती वेगळी. मी पुतळ्यांच्या कारखान्यातली माती. चाळलेली, भिजवलेली, मळलेली. माझ्यात एक खडा शोधून दाखवा म्हटलं तर तुमची नखं झिजतील. हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही. बरं, थोडं सांगतेच.

तुम्ही चौकात, बागेत, इस्पितळाच्या आवारात ब्राँझचे पुतळे बघता. मान वर करून बघता, खाली कोरलेलं नाव वाचता आणि पुढे जाता. तो पुतळा आधी माझा होता, हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. शिल्पकार आधी मला हातात घेतो. सळयांच्या सांगाड्यावर मला चढवतो, थापतो, कोरतो. काम पुरं झालं की वरून प्लास्टर मारून साचा घेतात. मग साचा उघडून मला आतून खरवडून काढतात. पुतळा जातो मिरवायला आणि मी परत हौदात. तक्रार नाही करत. पण ज्याचं त्याला म्हणावं माणसाने.

मला नदीवरून आणलं ते कारखान्याच्या मालकाने. तेव्हा तो कोवळा पोरगा होता, नुकतं मिसरूड फुटलेलं. त्याने मला चिमूटभर उचललं, जिभेवर ठेवलं, दातांखाली फिरवलं आणि म्हणाला, "कचकच नाही. भरा पोती." तेवढ्यावर माझं नशीब ठरलं. पुढे त्याचे केस पिकले, पाठ वाकली, तरी मी त्याला एकेरीच बोलते. मी नदीतली, तो कालचा.

कारखाना म्हणजे उंच छपराची एक लांब खोली. मागच्या भिंतीला मोठी खिडकी, तिच्यातून सकाळचं ऊन आत यायचं. एका अंगाला माझा हौद, विटांचा, आतून पत्रा मारलेला. दुसऱ्या अंगाला प्लास्टरची पोती. दोन्हींच्या मधे मालकाचा दरारा. प्लास्टरचा कण माझ्यात पडला की माती नासते, गाठी धरते. म्हणून प्लास्टरचे हात न धुता कुणी हौदाकडे वळला की मालक नुसता बघायचा. तेवढं पुरायचं. राणीला नसेल एवढा पहारा माझ्याभोवती होता.

मालक पुतळे करायचा मोठ्या माणसांचे. गिरणीवाले, वकील, नगराध्यक्ष. बहुतेकांना मिशा. ज्याला नसायची त्याच्या घरचे येऊन हळूच सांगायचे, "थोडी लावा, रुबाब दिसतो." मालक लावायचा. पण त्याचा हात खरा होता, मित्रांनो. मेलेल्या माणसाचा एक पिवळा पडलेला फोटो समोर ठेवून तो माझ्यातून असा चेहरा काढायचा की त्याची बायको दारातच थबकायची. मी कितीदा कुणाकुणाचा नवरा झाले, बाप झाले. त्या बायकांचे डोळे मी माझ्या मातीच्या डोळ्यांनी पाहिलेत. अशा वेळी मलाच माझी भीती वाटायची.

आता मालकाच्या बायकोबद्दल सांगते, कारण तिच्यावाचून मी जगलेच नसते. ओली माती उघडी राहिली तर वाळते, वाळली की तडकते, तडकली की ढासळते. म्हणून रोज संध्याकाळी काम थांबलं की चालू पुतळ्याला ओल्या फडक्यांत गुंडाळावं लागतं. ते काम तिचं. बादली घेऊन यायची आणि म्हणायची, "चला वकीलसाहेब, आंघोळ." फडकी पिळायची, वकिलाच्या डोक्यावर टाकायची, मिशीवर जरा जास्तच घट्ट बसवायची. मालक खुर्चीत बसून बघत असायचा.

"अहो, या मेल्यांचे कान तुम्हाला पाठ आहेत. माझे कधी बघितलेत का?" असं ती विचारायची.

"बघितलेत."

"मग डाव्यावर काय आहे सांगा."

मालक कोरणी पुसायला घ्यायचा. डाव्या कानावर तीळ होता. मला ठाऊक होतं. मी सांगणार कशी?

त्या दोघांची एकच पोर, आणि मालकाचा धाकटा भाऊ शेजारीच राहायचा, त्याची मुलं. पोरीला सगळे ताई म्हणायचे, मीही तेच म्हणते. ताई लहान असताना तिची आई हौदाच्या काठावर फडकी धूत बसायची आणि ताई तिच्या मांडीवर. रडू नये म्हणून आई तिच्या हातात माझा गोळा द्यायची. इतर मुलं गोळ्याचा साप करतात, लाडू करतात. ही पोर गोळा आईच्या गुडघ्यावर दाबायची, सोडवायची आणि उलटा करून आतला खड्डा बघत बसायची. गुडघा समोर असताना त्याचा खड्डा बघणारी ही कोण, असं मला तेव्हा वाटलं होतं. थोडी वेडीच समजत होते मी तिला.

वेडी नव्हती. मोठी झाली, कलाशाळेत गेली, केस कापून आली आणि डोक्यात भलतंच घेऊन आली. पहिलंच काम केलं ते बसलेल्या म्हाताऱ्याचं. मालकाने त्याच्याभोवती चक्कर मारली.

"नाक कुठाय?"

"आहे, बाबा. दिसत नाही."

"मग गिऱ्हाइकाला काय सांगू? उद्या दिसेल?"

ताई हसली. मालक हसला नाही. तो वाईट बाप नव्हता. पण चेहरा ओळखू आला पाहिजे, या एका गोष्टीवर त्याने आयुष्य काढलं होतं. ताईचं म्हणणं, चेहरा तर फोटोवालाही काढतो, मातीने आणखी काही केलं पाहिजे. बापलेकीचे शब्द फार नसायचे, पण हवा अशी ताठ व्हायची की मला हौदात अवघडल्यासारखं व्हायचं. मग ताईची आई यायची बादली घेऊन. "झालं का भांडून? माती वाळतेय." झालं, संपलं.

आणि एके दिवशी ती आलीच नाही. थोडं दुखणं झालं आणि बाई गेली. घरातून आवाज गेला. फडकी ताई भिजवू लागली, पण तिला बोलता यायचं नाही माझ्याशी. मुकाट्याने गुंडाळायची. मालकाचे हात त्याच सुमाराला थरथरू लागले. कोरणी धरली की टोक नाचायचं. तो म्हणायचा, वय झालं. मी म्हणते, वय रातोरात होत नाही.

त्याच वर्षी गावातल्या प्रसूतिगृहाकडून काम आलं. तिथल्या मोठ्या डॉक्टरीणबाई स्वतः आल्या, उंच, कमी बोलणाऱ्या. त्यांना आवारात ठेवायला आईचा पुतळा हवा होता. माणसाहून मोठा, ब्राँझचा. मालकाने आपल्या हातांकडे पाहिलं. मग लेकीकडे पाहिलं.

त्या गेल्यावर तो म्हणाला, "हे काम तू कर. तुझ्या मनासारखं कर. उभं राहिलं तर कारखाना तुझा, मी एक शब्द बोलणार नाही. नाही घेतलं त्यांनी, तर परत मिशा. तूही काही बोलायचं नाही."

"आणि मधेच तुम्ही काही बोललात तर?"

"तोंड सांभाळेन. हात सांभाळता येणार नाहीत मला. म्हणून बघायलाच येत नाही. साचा घ्यायच्या दिवशी बोलाव. साचा माझाच. हात थरथरले तरी प्लास्टर मारता येतं."

ठरलं. आता तुम्हीच समजून घ्या, त्या पोरीचं काय पणाला लागलं होतं. एका कामावर सगळं आयुष्य. जमलं नाही तर जन्मभर नगराध्यक्षांच्या मिशा.

तिने बसलेली आई करायला घेतली. माझा जवळजवळ अख्खा हौद त्या सांगाड्यावर चढला. एवढी मोठी मी कधीच झाले नव्हते. खांदे डोंगरासारखे, मान झुकलेली, आणि मांडीवर एक गुंडाळलेलं मूल. रोज करायची, रोज मोडायची. मूल कसंही केलं तरी ते बाहुली दिसायचं. कधी फार गोंडस, कधी नुसतं गाठोडं. ताई खुर्चीत बसून त्याच्याकडे अशी बघायची जसं ते तिला काही देणं लागतं. दिवसेंदिवस तिचा चेहरा उतरत गेला. तिला जमत नव्हतं, आणि ते तिला माहीत होतं.

मग एक कोरडा, वाऱ्याचा दिवस आला. ताई चौथऱ्याचं माप घ्यायला इस्पितळात गेली होती, दमून परतली, आणि फडकी भिजवायची राहिली. आई असती तर राहिली नसती. मी वरून वाळले, आतून ओली राहिले, आणि मांडीवरचा सगळा भाग आपल्याच वजनाने सुटून खाली आला. मुलासकट. पाठीमागची मातीही गेली. पुतळ्याच्या मधोमध आरपार भगदाड पडलं.

सकाळी ताई आली. फडकं काढलं. मला वाटलं, आता ही रडणार. तोंड लपवायला मला जागा नव्हती.

मागच्या खिडकीतून ऊन येत होतं. ते त्या भगदाडातून आरपार येऊन ताईच्या पायांशी पडलं. वाकलेली मान, दोन्हीकडून वळलेले हात, आणि मधे काही नाही. ताई उभी राहिली. मग खाली जमिनीवरच बसली. किती वेळ बसली सांगता येत नाही, पण ऊन तिच्या पायांवरून सरकत भिंतीवर गेलं तरी ती हलली नव्हती.

मित्रांनो, मी नदीचा तळ पाहिलाय. मोठमोठ्यांचे चेहरे पांघरलेत. पण त्या सकाळी मला जे कळलं ते कधी कळलं नव्हतं. मला वाटायचं, जिथे मी आहे तेवढीच मी. जिथे मी नाही, तिथेही लोक माझ्याकडे बघू शकतात, ती जागाही मीच धरून ठेवलेली असते, हे मला त्या दिवशी समजलं. एवढी म्हातारी होऊन. मी थक्क झाले.

पुढचे काही आठवडे ताई त्या भगदाडाभोवती काम करत राहिली. कडा वळवल्या, दंड आत ओढले, पाठ हलकी केली. चेहऱ्यावरचे नाक-डोळे काढून टाकले, नुसता एक झुकलेला उतार ठेवला. तिचा हात माझ्यावरून असा फिरायचा जसा झोपलेल्या माणसावर पांघरूण ओढताना फिरतो. मी श्वास रोखून होते. मला श्वास नसतो, पण तुम्हाला कळलं मला काय म्हणायचंय.

साचा घ्यायचा दिवस उजाडला. मालक ताईच्या आधी कारखान्यात आला. ती त्याची जुनी सवय, प्लास्टरचं काम म्हणजे सकाळी लवकर. त्याने फडकं काढलं आणि उभा राहिला.

आधी त्याने तोंडाकडे पाहिलं. नाक नाही, डोळे नाहीत. जिभेने एक टक् केलं. पण हात लावला नाही. शब्द दिला होता. मग त्याची नजर खाली आली.

आता इथे मालकाला दोष देऊ नका. तुम्ही त्याच्या जागी नव्हता. ज्या माणसाने आयुष्यभर मातीचे पुतळे खचताना पाहिले, त्याला मांडीत भगदाड दिसलं की काय वाटेल? खचलं. फडकं सुकलं. पोरगी अजून झोपली आहे आणि तिचं आयुष्याचं काम मोडून पडलंय. साचा घेण्याआधी खचलेली माती भरून घेणं हे साचेवाल्याचं कामच आहे. त्यात बोलण्यासारखं काय? तो तर तिला वाचवत होता.

त्याने हौदातून मला ओंजळीने काढलं. तळव्यांत धरून ऊब दिली. आत लाकडाची फुली तारेने टांगली, म्हणजे पुन्हा ढासळायला नको. आणि भरायला लागला.

मित्रांनो, मी त्याचे हात ओळखते. थरथरत होते, ते थांबले. मांडी भरता भरता तो नुसती मांडी भरत नव्हता. कपड्याला एक चुणी आली, ती मी ओळखली. हौदाच्या काठावर बसल्यावर बाईच्या कपड्याला अशीच चुणी पडायची, डाव्या अंगाला. गुडघा वर आला, तोही तिचाच. फडकी पिळून झाल्यावर ती हात मांडीवर उलटा टाकायची, तसा एक तळवा तिथे उमटला. मिशीवाल्यांचे कान पाठ असलेल्या माणसाला हे सगळं पाठ होतं. मी एवढी सुंदर कधी झाले नव्हते. हे मी आजही सांगते, ते त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम होतं. आणि ते चुकीच्या जागी होतं.

मला तोंड असतं तर मी काय म्हटलं असतं, मलाच ठाऊक नाही.

काम झालं. मालकाने हात धुतले. घमेल्यात प्लास्टर कालवलं. पहिल्या थरात नीळ टाकतात, म्हणजे पुढे साचा फोडताना निळा थर दिसला की छिन्नी जपून चालवायची हे कळतं. निळंशार प्लास्टर घेऊन तो पुतळ्यासमोर उभा राहिला, पहिली ओंजळ भरली, आणि दार उघडलं.

ताई आत आली. बघितलं. जिथे होती तिथेच उभी राहिली.

"बाबा, हे काय केलंत?"

"खचलं होतं गं. फडकं सुकलं असणार. भरून दिलं." मालकाचा आवाज खूश होता. "आणि तोंडाला मी हात लावलेला नाही. शब्द म्हणजे शब्द."

"खचलं नव्हतं."

"अगं, एवढं भगदाड. एखादं पोर आरपार गेलं असतं."

"तेच काम होतं, बाबा."

मालकाच्या ओंजळीतून प्लास्टर घमेल्यात गळत होतं. "भोक, हे काम?"

"हो."

"आईच्या मांडीत भोक?" तो जरा थांबला. "तुझी आई रिकामी बाई नव्हती."

"मी कुठे म्हणते रिकामी होती? मी बसायचे ना तिथे. माझी जागा आहे ती."

"मग तू कुठेयस त्यात?"

"उठून गेले."

मालकाने घमेल्याकडे पाहिलं. प्लास्टर दाटू लागलं होतं. प्लास्टर कुणासाठी थांबत नाही, हे तोच सगळ्यांना सांगायचा. आता मारलं तर मारलं, नाहीतर घमेल्यातच दगड.

ताई पुतळ्याजवळ आली. तिने ती चुणी पाहिली. मांडीवर उलटा टाकलेला तळवा पाहिला. तिचं तोंड आधी रागाने घट्ट होतं, ते हळूहळू सुटलं. तिने त्या तळव्यावरून एक बोट फिरवलं, अगदी न टेकवता.

"हे आईचं आहे," ती म्हणाली.

"हं."

"मारा प्लास्टर. राहू दे असंच. माझ्यापेक्षा चांगलं झालंय."

मी वाट बघत होते. हे मी लपवणार नाही, मला राहायचं होतं तशीच. ती चुणी, तो तळवा, सगळं घेऊन ब्राँझमध्ये जायचं होतं. कुणाला नसतं वाटणार?

मालकाने घमेलं खाली ठेवलं. "चांगलं आहे, ते मला माहीत आहे. आयुष्यात असं झालं नाही माझ्या हातून. पण मी सांगितलं होतं, तुझ्या मनासारखं. हे माझ्या मनासारखं झालंय."

"बाबा, परत तसं जमायचं नाही मला. ते आपोआप पडलं होतं. मी केलेलं नव्हतं."

"मग आता कर."

ताईने बाह्या वर केल्या. तिचा हात त्या चुणीवर आला आणि मालक म्हणाला, "थांब. आत फुली बांधलीय मी. तार लागेल हाताला." त्याने स्वतः बोटं आत खुपसली, तार चाचपली, तोडली आणि फुली ओढून काढली. त्या ओढण्यात मांडीवरचा तळवा गेला. त्याने तो जाताना पाहिला. फुली बाजूला ठेवली आणि पुतळ्याच्या पाठीशी जाऊन उभा राहिला.

"मागून धरतो. नाहीतर पाठ फुटून बाहेर येईल. घाल हात."

ताईने हात घातला. नुसती बोटं घालून उपयोग नव्हता, सगळा दंड लावून ढकलावं लागत होतं. मला दुखत नाही, मित्रांनो, पण मला कळतं. तिचं मनगट माझ्यातून गेलं, मग कोपर. मी दोन्हीकडे सरत गेले. तिचे डोळे मिटलेले होते. मागे मालकाचे दोन्ही तळवे माझ्या पाठीला टेकलेले. माझा पातळसा पडदा मधे उरला, आणि मग तोही फाटला, आणि तिचा हात पलीकडे बापाच्या तळव्यात गेला.

मी दोघांच्या मधे होते, दोघांच्या हातांभोवती. एवढं मोठं काही माझ्यात कधी झालं नव्हतं आणि नंतरही झालं नाही.

"आली," मालक म्हणाला. "आता कडा वळव. मी दुसरं प्लास्टर कालवतो."

पहिलं घमेल्यात दगड होऊन बसलं होतं. ते त्याने हातोडीने फोडलं.

प्लास्टरची मूर्ती तयार झाली तेव्हा इस्पितळाची मंडळी बघायला आली. एक जाडसे चिटणीस होते, काठी टेकत पुढे आले. सगळीकडून बघून म्हणाले, "काम मोठं आहे. भोक तेवढं बुजवून द्या."

ताई उत्तर द्यायला तोंड उघडते तोच दारातून मालकाचा आवाज आला. "मी बुजवून बघितलंय साहेब. तिथे काही राहत नाही."

डॉक्टरीणबाई तोवर पुतळ्याजवळ गेल्या होत्या. त्यांनी वाकून त्या भगदाडातून पलीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "ही जागा मी रोज बघते," त्या म्हणाल्या. "कुणी करून दाखवली नव्हती. असाच द्या."

दुसऱ्या दिवशी मालकाने मिशीवाल्यांची सगळी प्लास्टरची डोकी माळ्यावर चढवली. एक शब्द बोलला नाही. पण शिडी धरायला ताईलाच बोलावलं.

मी तो पुतळा ब्राँझचा झालेला पाहिला नाही. मला कोण नेणार? ब्राँझ ओतणारा ओतारी कामासाठी कारखान्यात यायचा, त्याने सांगितलं. बाळाला बघायला आलेली भावंडं त्या भगदाडातून आरपार जातात, म्हणे. थकलेल्या बायका आत टेकून बसतात. घासून घासून कडा सोन्यासारख्या चमकू लागल्यात. मी हौदात होते, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. असं समजा.

त्यानंतर ताई नुसती ताई राहिली नाही, लोक तिला मोठ्या बाई म्हणू लागले. माझ्यातून तिने किती काय केलं. पक्षी उडून गेल्यावर हलणारी फांदी केली. दोन माणसं भांडून उठल्यावर त्यांच्या खुर्च्यांमधली हवा केली. कसं केलं ते मी आत असून मला सांगता यायचं नाही. लांबलांबच्या देशांतून लोक आले. जाड भिंगांचे चष्मे लावून ते हळू आवाजात 'अवकाश' म्हणायचे. ती म्हणायची 'जागा'. मालक शेवटपर्यंत साचे घेत राहिला, आणि प्रत्येक वेळी भोकाशी आला की विचारायचा, "हे आहे की खचलंय?" ती सांगायची. मग तो प्लास्टर मारायचा. मालक गेला तेव्हा तिने कारखाना आठवडाभर बंद ठेवला. मला मात्र रोज येऊन पाणी घातलं.

पुढे ती लोखंडाकडे वळली. माझी सवतच म्हणा. पत्रे कापायची, वेल्डिंगने जोडायची, ठिणग्या माझ्या हौदापर्यंत उडायच्या. मोठी कामं झाली, फार मोठी. मी नावं ठेवणार नाही. पण लोखंडाला ओल्या फडक्याची गरज नसते, एवढंच सांगते. आधी ती रोज मला भिजवायची, मग आठवणीने, मग कधीतरी.

शेवटचं आली तेव्हा तिची बोटं सांध्यांत वाकलेली होती. ती हौदाच्या काठावर बसली आणि दोन्ही हात माझ्यात रोवले. काही केलं नाही. नुसते ठेवले, दाबले, मग काढून घेतले. फडकं टाकायला विसरली. त्यानंतर ती आली नाही. मी तिच्या हातांचे ठसे धरून वाळत गेले, दगड झाले.

आता हा कारखाना बघायला लोक येणार आहेत. तिची भाची, काकाच्या मुलाची लेक, सगळं आवरतेय. चांगली आहे पोर. तिच्याबरोबर संग्रहालयातला एक माणूस येतो, पांढरे हातमोजे घालून. त्याने माझ्यावरचे ठसे पाहिले आणि तो गुडघ्यांवर बसला.

"हे फार दुर्मीळ आहे. वरून काच बसवू. पाणी मात्र अजिबात लागू देऊ नका, सगळं विरघळेल."

"आत्याचे हात आहेत," भाची म्हणाली. तिने आपला हात एका ठशावर धरला, पण आत घातला नाही. "पण आत्या म्हणायची, वाळलेली माती मेलेली नसते. पाणी घालून वाट बघायची. परत येते."

"मग ठसे राहणार नाहीत."

"हो ना." तिने हात मागे घेतला.

मित्रांनो, लोकांना वाटतं जपणं म्हणजे हात न लावणं. मला असं जपू नका. तिचे हात मला काचेखाली नको आहेत. ते मला आतून ठाऊक आहेत, तेवढे कुठल्याच काचेला कळणार नाहीत. माझ्यातून किती चेहरे गेले, एक तळवा तर ज्याने घडवला त्याच्या डोळ्यांदेखत गेला, आणि त्यातूनच ती मोठी झाली. मला पाणी द्या. मी बुडबुडे सोडीन, फुटेन, विरघळेन, खाली बसेन. काही दिवस माझ्याकडे बघवणार नाही. मग वरचं पाणी काढा, मला मळा, आणि कुणालाही हात घालू द्या. अडाणी हात चालतील, भित्रे चालतील. काही बिघडलं तर परत हौदात टाका, मी कुणाला सांगत नाही.

काल काच मोजायला माणूस आला होता. भाचीने त्याला उद्या या म्हणून परत पाठवलं. आज सकाळपासून तिने एक बादली नळाखाली ठेवली आहे आणि समोर नुसती उभी आहे. तुमच्यापैकी कुणी जवळपास असेल तर तिला एवढं सांगा, नळ सोड.